वही कुणाच्या हातात आहे?

चौथीत असताना माझा एक फोटो काढला गेला. तालुक्याच्या गावातल्या आमच्या शाळेत शहरातल्या एका धार्मिक ट्रस्टची माणसं वह्या वाटायला आली होती. रांगेत उभं राहायचं, वही घ्यायची, ती छातीशी धरून कॅमेऱ्याकडे बघायचं. माझ्या वेळी फ्लॅश उडाला नाही, म्हणून मी वही परत दिली आणि पुन्हा घेतली. बऱ्याच वर्षांनी त्या ट्रस्टची एक जुनी स्मरणिका हाती लागली. तिच्यात मी होतो. फोटोखालच्या ओळीचा अर्थ असा की, आयुष्यात पहिल्यांदाच या मुलाच्या हाती कोरी वही आली.

माझ्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. घरात वह्या होत्या. शिवाय ट्रस्टनं दिलेल्या सहाच्या सहा वह्या चाररेघी निघाल्या. वर्षभरात इंग्रजीला अशी एक वही पुरायची. उरलेल्या पाचांत आम्ही सगळ्यांनी गणितं सोडवली आणि त्या वर्षी अख्ख्या वर्गाचे आकडे चार रेघांमध्ये अंग चोरून बसले.

वह्यांबद्दल माझी तक्रार नाही. त्या आम्ही शेवटच्या पानापर्यंत वापरल्या. भर उन्हात एसटीनं आलेल्या त्या काकांचे घामेजलेले, खूश चेहरेही मला आठवतात. त्या आनंदात खोट नव्हती. पण स्मरणिकेतली ती ओळ चुकीची आहे, हे कुणाला जाऊन सांगायचं, ते मला आजही कळलेलं नाही.

हे सगळं परत आठवायला निमित्त झालं एका पुस्तकाचं. आमच्या कंपनीच्या अमेरिकेतल्या टीममध्ये एक सहकारी आहे. कामात चोख आणि स्वभावानं मनमिळाऊ. दर उन्हाळ्यात ती तिच्या चर्चच्या गटाबरोबर दोन आठवडे युगांडाला जाते. तिथल्या एका शाळेत शिकवते, भिंती रंगवते, मुलांबरोबर खेळते. एकदा मीटिंग सुरू होण्याआधी गप्पा मारताना तिनं मला 'किसेस फ्रॉम केटी' वाचायला सांगितलं. या पुस्तकामुळेच ती पहिल्यांदा आफ्रिकेत गेली होती. काही दिवसांनी तिनं विचारलं, ''वाचलंस? खरं सांग, कसं वाटलं? यंदा मी परत जावं की नाही, असं मनात चाललंय.'' प्रश्न पुस्तकाबद्दल होता आणि नव्हताही. चॅटमध्ये एक अंगठा पाठवून तो मिटला नसता. म्हणून मी ते पुस्तक परत वाचलं आणि त्याच्या आगेमागे आणखी काही वाचलं. हा लेख म्हणजे तिला द्यायच्या उत्तराची लांबलेली तयारी आहे.

*

केटी डेव्हिस ही टेनेसी राज्यातल्या एका सुखवस्तू गावची मुलगी. शाळेत लोकप्रिय. दारात पिवळी, उघड्या टपाची गाडी. बारावीत असताना, २००६च्या डिसेंबरात, ती पहिल्यांदा युगांडाला गेली. मग बालवाडीच्या मुलांना शिकवायला परत गेली आणि तिथलीच झाली. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी जिंजा नावाचं शहर आहे. तिथं तिनं 'अमाझिमा' ही संस्था उभारली, गरीब मुलांच्या शाळेचा आणि जेवणाचा खर्च उचलला आणि एकामागून एक तेरा मुलींना घरात घेतलं. २०११ साली पुस्तक आलं, तेव्हा ती जेमतेम बाविशीत होती. अमेरिकेत ते तुफान खपलं.

पुस्तक वाचनीय आहे आणि प्रामाणिकही आहे. या मुलीनं आराम सोडला, तिथली भाषा शिकली, दोन आठवड्यांनी परतीचं विमान धरलं नाही. आजाऱ्याची जखम धुण्यापासून मुलांच्या पायांत रुतलेल्या पिसवा काढण्यापर्यंत सगळी कामं तिनं स्वतःच्या हातांनी केली. इकडे मी एसीत बसून 'इम्पॅक्ट' हा शब्द स्लाइडवर टाकतो. तेव्हा तिची टिंगल करायचा अधिकार मला नाही.

तरी पुस्तक मिटल्यावर एक गोष्ट जाणवते. तीनशेच्या आसपास पानं वाचून मला केटीचं मन खडान् खडा माहीत झालं. ती कधी खचली, कधी देवाशी भांडली, घरच्यांच्या आठवणीनं कधी रडली, सगळं. पण जिंजातल्या एखाद्या बाईचं केटीबद्दल काय मत होतं, हे मला सांगता येणार नाही. तिथली माणसं पुस्तकात सतत येतात. आजारी असतात, भुकेली असतात, हसतात, बिलगतात, आभार मानतात. असहमत मात्र क्वचितच होतात.

याचं खापर केटीच्या अहंकारावर फोडणं सोपं आहे आणि चुकीचंही. ते लेखनप्रकाराच्या ठेवणीतून येतं. इव्हँजेलिकल ख्रिस्ती परंपरेत 'साक्ष' देतात. मंडळीसमोर उभं राहून देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायचं. मी अशी होते, मला हाक आली, मी भ्याले, गेले आणि बदलले. साक्षीची रचनाच अशी की नायक सांगणाराच असणार, कारण बदल त्याच्यात घडायचा असतो. ज्या गावात तो घडतो, ते गाव म्हणजे त्या बदलाची जागा. आपल्याकडच्या सत्संगात 'महाराजांचा अनुभव' सांगणारे काका आठवा. त्यांच्या गोष्टीत शेजारी, डॉक्टर, रिक्षावाला हे सगळे असतात, पण महाराजांची कृपा पोचवण्यापुरतेच.

साक्ष चर्चमध्ये शोभते. ऐकणाऱ्यांना तिथं स्वतःचं मन तपासायचं असतं. पण तीच साक्ष मदतकार्याचा अहवाल म्हणून छापली जाते, तिच्यावर देणग्या गोळा होतात, तिच्या जोरावर आणखी हजार मुलंमुली विमानात बसतात, तेव्हा गोष्ट बदलते. आमच्या धंद्यात सिस्टीम बंद पडली की नंतर एक टिपण लिहितात, त्याला पोस्टमॉर्टेम म्हणतात. त्यात सगळ्यात वर काय बिघडलं आणि त्याचा त्रास कुणाला झाला, हे लिहायचं असतं. रात्रभर जागून मला किती आत्मिक समाधान मिळालं, यासाठी त्यात रकाना नसतो.

*

याच जिंजा शहरातून आलेली दुसरी एक गोष्ट एचबीओच्या 'सेव्हियर कॉम्प्लेक्स' (२०२३) या तीन भागांच्या माहितीपटात आहे. तिथंही एक अमेरिकन तरुणी आहे. तीही शाळा संपवून आली, तीही श्रद्धेनं आली. विशीतच तिनं कुपोषित मुलांसाठी केंद्र काढलं. वैद्यकीय शिक्षण नव्हतं. पुढे आरोप झाला की ती मुलांवर स्वतःच उपचार करत होती. तिनं तो नाकारला. २०१९ साली दोन मातांनी युगांडाच्या कोर्टात दावा लावला. २०२०मध्ये तडजोड झाली. दोन्ही कुटुंबांना पैसे मिळाले, पण जबाबदारी कुणी कबूल केली नाही. त्या केंद्रात किती मुलं वाचली आणि किती दगावली, त्यांतली किती कुठेही दगावलीच असती, यावर माहितीपटातली माणसं अखेरपर्यंत भांडतात.

माझं लक्ष वेधलं ते एका तपशिलानं. त्या तरुणीचा ब्लॉग होता. मरणाच्या दारातलं मूल, घाईघाईनं केलेले उपचार, मनातली प्रार्थना, हे सगळं ती तिथं लिहायची. अमेरिकेतल्या वाचकांनी ते साक्ष म्हणून वाचलं आणि त्यांचे डोळे पाणावले. काही वर्षांनी तोच मजकूर दुसऱ्या लोकांनी वाचला आणि विचारलं, हे करायची परवानगी हिला कुणी दिली? मजकुरातला एक शब्दही बदलला नव्हता, फक्त वाचणारे बदलले होते.

तो दुसरा वाचक पहिल्याच दिवशी भेटला असता तर? जिंजातली एखादी नर्स त्या नोंदी तेव्हाच वाचून म्हणाली असती, ''पोरी, थांब, हे असं नसतं करायचं''? निव्वळ आत्मपरीक्षणाची हीच अडचण आहे. आपण आपलंच मन तपासतो आणि ते स्वच्छ निघतं. हेतू शुद्ध असतोच. हेतूच्या पलीकडची चूक दिसायला दुसरा माणूस लागतो.

*

मराठी वाचकाला आफ्रिकेतला सेवाव्रती म्हटलं की अल्बर्ट श्वाइट्झर आठवतो. आपल्या आईवडिलांच्या पिढीला तो सुमती देवस्थळे यांच्या चरित्रातून भेटला. आमच्याही घरी ते पुस्तक होतं, वाचनालयातून आणलेलं आणि परत करायचं राहून गेलेलं. धर्मशास्त्रज्ञ, ऑर्गनवादक, बाखच्या संगीताचा अभ्यासक. तिशीत त्यानं वैद्यकीचं शिक्षण सुरू केलं आणि १९१३ साली तो पत्नी हेलेनसह आजच्या गॅबॉनमधल्या लांबारेने इथं गेला. ज्या पॅरिसच्या मिशननं त्याला जागा दिली, तिला त्याची धर्ममतं पटत नव्हती. म्हणून त्यानं धर्मोपदेश न करता फक्त डॉक्टरकी करण्याचं कबूल केलं. पहिला दवाखाना कोंबड्यांच्या खुराड्यात थाटला. १९५२चं शांततेचं नोबेल त्याला मिळालं.

पहिल्या मुक्कामावर त्यानं लिहिलेलं 'ऑन द एज ऑफ द प्रायमिव्हल फॉरेस्ट' हे छोटं पुस्तक अजूनही वाचण्यासारखं आहे, कारण त्यात दोन श्वाइट्झर आहेत. पहिला म्हणतो की, युरोपनं या लोकांचं इतकं वाटोळं केलंय की आपण इथं जे काही करू ते उपकार नाहीत, प्रायश्चित्त आहे. १९२१ साली एका युरोपियन माणसानं हे लिहावं! आजचे अनेक स्वयंसेवकही इथवर पोचत नाहीत. आणि त्याच पुस्तकातला दुसरा श्वाइट्झर म्हणतो की, आफ्रिकन माणूस माझा भाऊ आहे खरा, पण मी थोरला. नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी १९७५च्या एका गाजलेल्या व्याख्यानात नेमकं इथंच बोट ठेवलं. भाऊ म्हणायचं आणि धाकटा म्हणायचं, म्हणजे नातं जोडताजोडताच अंतर राखायचं.

आपल्याला थोरल्या भावाचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही. घरात थोरला राबतो, सगळ्यांसाठी झिजतो, आणि कुणाला काय हवं ते न विचारता ठरवतो. तो वाईट असतो असं नाही. फक्त त्याला उलट उत्तर देण्याची पद्धत नसते.

या पुस्तकातला मला सर्वांत आवडलेला माणूस मात्र जोसेफ. तो श्वाइट्झरचा मदतनीस आणि दुभाषा. आधी तो स्वयंपाकी होता, त्यामुळे शरीराचे अवयव तो खाटकाच्या भाषेत सांगतो. रोग्याचा पाय दुखत असेल तर त्याच्या तोंडी मटणाच्या तंगडीचा शब्द येतो. श्वाइट्झर हे मायेनं, हसत हसत नोंदवतो. पण जरा थांबून बघा. जोसेफला अनेक भाषा येतात. तो नसता तर डॉक्टरला रोग्याचं एक वाक्य कळलं नसतं. दवाखाना दोघांचा होता, पुस्तक एकाचंच झालं. जोसेफनं वही ठेवली असती, तर डॉक्टरच्या कोणत्या शब्दाला तो हसला असता?

कॅमेरूनचे दिग्दर्शक बासेक बा कोभियो यांनी १९९५ साली हीच बाजू पडद्यावर आणून पाहिली. 'ल ग्रां ब्लां द लांबारेने' या त्यांच्या चित्रपटात श्वाइट्झरकडे एक आफ्रिकन मुलगा बघत असतो. माणूस तोच, दवाखाना तोच. बघणारा बदलताच पुतळ्याचा माणूस होतो, मोठा आणि हट्टी.

*

बघणारा बदलण्याची ही युक्ती कादंबरीला जास्त सहज जमते. बार्बरा किंगसॉल्व्हर यांच्या 'द पॉयझनवुड बायबल' (१९९८) मध्ये नेथन प्राइस हा बॅप्टिस्ट धर्मोपदेशक १९५९ साली बायको आणि चार मुलींना घेऊन काँगोतल्या खेड्यात जातो. संपूर्ण कादंबरीत नेथनला निवेदन मिळत नाही. बोलतात त्या घरातल्या पाच बायका. गेल्या गेल्या तो अमेरिकेहून आणलेलं बी पेरायला घेतो. घरात काम करणारी मामा ताताबा सांगते की माती अशी सपाट ठेवू नका, उंचवटे करा. तो ऐकत नाही. पाऊस येतो आणि वाफे वाहून जातात. मग तो मुकाट्यानं उंचवटे करतो. झाडं माजतात, पण फळ धरत नाही, कारण त्या फुलांवर बसणारे किडे तिथं नाहीतच. नदीत बाप्तिस्मा घ्या म्हणून तो हट्ट धरतो. लोक येत नाहीत. नदीत मगरी आहेत, हे त्याला फार उशिरा कळतं. शेवटी गावकरी त्याच्याच चर्चमध्ये त्याच्याच देशानं शिकवलेली निवडणूक घेतात आणि येशू मतदानात हरतो.

कादंबरी मला आवडते. एक गोष्ट मात्र खटकते. नेथन इतका आडमुठा आहे की वाचणारा सुटतो. 'आम्ही काही असे नाही बुवा', असं म्हणत पान उलटता येतं. माझी सहकारीही नेथनसारखी नाही. ती ऐकणारी आहे. मग तिच्यासारखीचा प्रश्न कुणी लिहिलाय?

माझ्या मते तो मोंगो बेतीनं लिहिलाय. कॅमेरूनच्या या लेखकाची 'ल पोव्र क्रिस्त द बोंबा' ही फ्रेंच कादंबरी १९५६ची. इंग्रजीत ती 'द पुअर ख्राइस्ट ऑफ बोंबा' नावानं मिळते. लिहिली तेव्हा लेखकानं पंचविशीही ओलांडली नव्हती. बोंबा इथल्या मिशनचे प्रमुख आहेत फादर द्रुमाँ. वीसेक वर्षं राबून त्यांनी चर्च, शाळा, सगळं उभं केलंय. ताला नावाच्या भागातले लोक धर्माकडे पाठ फिरवतात, म्हणून फादर तीन वर्षं मुद्दाम तिकडे जात नाहीत. वाटतं, पोरकी होतील, मग पश्चात्ताप होईल. तीन वर्षांनी जाऊन बघतात तर लोक मजेत आहेत. फादरची आठवण फारशी कुणाला आलेली नाही.

ही सगळी गोष्ट म्हणजे दनी नावाच्या किशोरवयीन मुलाची डायरी. तो फादरच्या सेवेतला पोरगा. वही इथं मदत घेणाऱ्याच्या हातात आहे. आणि बेतीची गंमत अशी की त्यानं ती रागावलेल्या मुलाच्या हाती दिली नाही. दनी फादरना वडिलांच्या जागी मानतो. त्यांच्या प्रत्येक शब्दावर त्याचा विश्वास आहे. तो भाबडेपणानं सगळं टिपत जातो, आणि त्याला जे कळत नाही ते आपल्याला कळत जातं.

प्रवासात एकदा फादर विचारतात की, सुरुवातीला झुंडीनं आलेले लोक आता का फिरले? उत्तर देतो झकारी, त्यांचा स्वयंपाकी. बेरकी, तोंडाळ, फादरचा पगार खाणारा, पण त्यांच्या दडपणाखाली नसलेला माणूस. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लोक तुमच्याकडे देवासाठी आलेच नव्हते. तुमच्या ताकदीचं गुपित शिकायला आले होते. तुमची विमानं, तुमची रेल्वे कशी चालते ते त्यांना हवं होतं. तुम्ही त्यांना आत्म्याबद्दल सांगत बसलात. आत्मा, देव हे त्यांच्याकडे आधीपासून नव्हतं असं वाटलं का तुम्हाला?

वीस वर्षांत हा प्रश्न फादरना कुणी विचारला नव्हता, कारण उत्तर देऊ शकणारा माणूस स्वयंपाकघरात होता. पुढे त्यांना आणखी एक गोष्ट दिसते. जिथं सरकार रस्त्याच्या कामावर वेठबिगारीला माणसं पकडून नेतं, तिथं चर्च भरतं. भ्यालेली माणसं आसरा शोधत येतात आणि फादर त्याला श्रद्धा समजत आलेत. शेवटी तर मिशनच्याच आवारात, लग्नाआधी मुलींना ठेवायच्या 'सिक्सा' नावाच्या वसतिगृहात काय चाललं होतं, ते उघडं पडतं. मुली तिथं राबवल्या जात होत्या आणि त्यांचं लैंगिक शोषण होत होतं. फादरच्या नाकाखाली, त्यांनी नेमलेल्या माणसांच्या हातून. फादर मिशन सोडून युरोपला परत जातात.

द्रुमाँ खलनायक नाहीत. ते स्वतःला तपासू शकणारे आहेत, आणि म्हणूनच ही कादंबरी आतून हलवते. माझ्या सहकारीसारखा स्वच्छ मनाचा माणूस त्यांच्या जागी उभा राहू शकतो. मात्र त्यांचं आत्मपरीक्षण एकट्यानं प्रार्थना करताना सुरू होत नाही. स्वयंपाकी बोलतो आणि ते ऐकून घेतात, तिथं ते सुरू होतं.

*

इथवर वाचून काही जणांच्या मनात एक शब्द केव्हाचा येऊन बसला असेल: धर्मांतर. आपल्याकडे मिशनरी म्हटलं की चर्चा तिथंच सुरू होते आणि तिथंच संपते. झकारीचं उत्तर मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. त्याच्या म्हणण्यात लोक फसलेले, भोळे बकरे नाहीत. त्यांना काय हवं होतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. 'त्यांना फसवून बाटवलं' म्हणणारा आणि 'त्यांना आम्ही तारलं' म्हणणारा, दोघेही त्या माणसांना डोकं आहे हे विसरतात. आपल्या देवळांचे, मठांचे, ट्रस्टांचे सेवा-अहवाल काढून बघा. देव वेगळा असेल, फोटोतला मुलगा तसाच छातीशी वही धरून उभा असतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. टीका करणं फुकट असतं. केन्याचे बिन्यावांगा वाइनाइना यांनी २००५ साली 'ग्रँटा'मध्ये आफ्रिकेवर कसं लिहावं याच्या उपरोधिक सूचना लिहिल्या. २०१२ साली टेजू कोल यांनी 'व्हाइट सेव्हियर इंडस्ट्रियल कॉम्प्लेक्स' या शब्दांत या सगळ्याची चिरफाड केली. २०१६च्या सुमारास इन्स्टाग्रामवर 'बार्बी सेव्हियर' आली, आफ्रिकन मुलांबरोबर सेल्फी काढणारी बाहुली. आपण हसलो, शेअर केलं आणि झोपलो. त्या रात्रीही कुणीतरी जखमा धूत होतंच. आणि बरेचदा ते कुणीतरी श्रद्धेमुळेच तिथं टिकलेलं असतं. पगार, बढती, कौतुक यांतलं काही नसताना वीस वर्षं एका जागी राहण्याचं बळ कुठून येतं, याचं उत्तर माझ्यासारख्या नास्तिकाला देता येत नाही.

हे मी मान्य करतो. वाइनाइना आणि कोल यांनीही 'घरी बसा' असं सांगितलेलं नाही. कोल यांचा मुद्दा असा की मदत करणाऱ्यानं भावनेच्या पुढे जाऊन त्या देशाचं राजकारण, तिथल्या लोकांच्या स्वतःच्या चळवळी आणि त्यात आपल्या सरकारचा हात हे सगळं बघावं.

आणि श्रद्धेतून झालेल्या कामाचा दुसरा नमुनाही युगांडातच आहे. कंपालातलं मेंगो हॉस्पिटल १८९७ साली अल्बर्ट कुक या मिशनरी डॉक्टरनं सुरू केलं. तोही त्याच्या काळाचा माणूस होता, थोरलेपणापासून मुक्त नव्हता. पण मेंगोत पुढे तिथल्याच मुलींना सुईणीचं, मुलांना वैद्यकीय मदतनिसाचं शिक्षण देणं सुरू झालं. ते हॉस्पिटल आजही चालू आहे. जे काम दुसऱ्याच्या हातात देता येतं, त्याच्याबद्दल दुसऱ्याला बोलताही येतं. शिकलेली सुईण डॉक्टरला सांगू शकते की, हे असं नको. मदतीवरचं चांगलं लेखन आणि चांगली मदत यांची खूण मला एकच वाटते: घेणाऱ्याला 'नाही' म्हणायची जागा त्यात आहे का?

*

सहकारीला मी अखेर मोठी मेल लिहिली. 'किसेस फ्रॉम केटी' मला आवडलं, असं लिहिलं, कारण ते खरं होतं. मग बोंबाच्या फादरबद्दल लिहिलं. आणि शेवटी एवढंच की, जावं की नाही हे मला विचारू नकोस, त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना विचार. पण असं विचार की त्यांना 'नको' म्हणता येईल. म्हणजे आधी सांग की तू आलीस किंवा नाही आलीस तरी चर्चचे पैसे येतच राहतील.

आठवडाभर उत्तर आलं नाही. मला वाटलं, दुखावली. मग तिनं लिहिलं की तिनं विचारलं होतं. मुख्याध्यापकांनी आधी बरंच गोड लिहिलं आणि मग हळूच कळवलं की, भिंती रंगवायला गावात रंगारी आहे आणि त्याला काम हवं असतं. दोन आठवडे पाहुणे आले की वर्गांचं वेळापत्रक विस्कटतं. यायचं असेल तर सुट्टीत या, जेवायला या. तिकिटाचे पैसे मात्र एका शिक्षिकेच्या पगाराला लावता आले तर बरं. ''सहा वर्षं मी जातेय,'' तिनं लिहिलं होतं, ''आणि सहा वर्षं त्यांनी हे मनात ठेवलं.'' ती यंदा जाणार की नाही, ते तिचं अजून ठरलेलं नाही.

मेल पाठवून मी खूप शहाण्यासारखं वागलो, असं मला वाटलं होतं. मग गेल्या दिवाळीतला एक फोटो फोनमध्ये दिसला. आमच्या कंपनीनं एका आश्रमशाळेत दप्तरं आणि वह्या वाटल्या, तेव्हाचा. मी कंपनीचा टी-शर्ट घालून टेबलामागे उभा आहे, एक मुलगा वही छातीशी धरून समोर बघतोय. ''हसा'' असं फोटोवाला म्हणाला होता, आणि आम्ही दोघंही हसलोय. मी तो फोटो मोठा करून पाहिला. वही कोणत्या रेघांची आहे, ते काही दिसत नाही. वाटायच्या आधी कोणत्या रेघांच्या हव्यात, हे मी कुणालाच विचारलं नव्हतं.